मास्तरांचं नावडतं गाणं

आधीच सांगून टाकतो, मी बँडमध्ये जाझ वाजवायचो. जाझ म्हणजे मोठा ढोल, दोन-तीन लहान ढोल आणि पितळी थाळ्या असा एकत्र मांडलेला संच. त्याच्यामागं बसणाऱ्या माणसाला हळूहळू ऐकू कमी यायला लागतं आणि त्याचं बोलणं वाढत जातं. तेव्हा पुढं जे लिहिलंय त्यातलं रुपयाला चार आणे कमी करून वाचलंत तरी माझी हरकत नाही. फक्त आमच्या मास्तरांच्या बाबतीत एक भानगड आहे. त्यांच्या गोष्टीत जे तुम्हाला थाप वाटेल तेवढंच नेमकं खरं निघतं, आणि जे अगदी साधं वाटेल तिथं मी पदरचं घातलेलं असतं.

धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी कागदावरच्या उस्मानाबादेत, एसटी स्टँडच्या मागं आमचं बँडचं दुकान होतं. मास्तर म्हणजे त्या बँडचे मालक, गिटारवाले, चाली बांधणारे आणि कुठं भांडण लागलं तर पुढं होणारे, सगळं एकच. देह असा की बँडचा लाल कोट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. मे महिन्यात, ज्या उन्हात सडकेचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत सोबत यायचं, त्या उन्हातसुद्धा गळ्याचं बटण लावलेलं. डोळ्याला काळा चष्मा. एसटीत चढले की कंडक्टर उठून सलाम ठोकायचा. त्याला वाटायचं, तिकीट तपासणारे साहेब आले.

दिवस ऐंशी सालानंतरचे. जुनी माणसं म्हणायची, बाहत्तरला खायला नव्हतं पण आडाला पाणी होतं; आता दुकानात ज्वारी आहे आणि आडाचा तळ दिसतोय. लग्नं मात्र थांबत नव्हती, त्यामुळं आमचं पोट चाललं होतं.

मास्तरांची गिटार त्यांनी स्वतः घडवलेली. अंग जुन्या सागवानी दाराचं, मान खाटेच्या माच्याची, आणि पोटात टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं लोहचुंबक. ही गिटार जेव्हा पहिल्यांदा कर्ण्यातून ओरडली तेव्हा समोरच्या हॉटेलातलं दूध जागच्या जागी नासलं. स्टँडवर उभी असलेली लातूर गाडी वेळेच्या आधी सुटली. एसटीच्या कारभारात असं ना त्याआधी घडलं, ना त्यानंतर. माझ्या हातातली काठी गळून पडली. मी तोवर ढोल-सनईत वाढलेला माणूस. लाकडाला एवढा राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"मास्तर, हे शिकलाव कुठं?" मी विचारलं.

"सिकंदराबादेत. मोठ्या हाटेलात सामान उचलाय व्हतो म्या. संध्याकाळी तिथं सुटाबुटातली पोरं गिटारा वाजवायची. चौघं जन फक्त. पन जाझवाले, भाईर रस्त्यावरचा रिक्षावाला बी मान हलवायचा. आपलं गानं मांडवाच्या भाईर जातच न्हाय."

मला ते कधी नावानं हाक मारत नसत. मी जाझवाले, सनईवाला सनईवाले. त्यांचं म्हणणं, नाव घरी आईबापांना राहू द्या.

मांडवाच्या बाहेर जाण्याचं त्यांना विलक्षण वेड. कुठल्याही गावात उतरलं की मुलीचं घर कुठलं हे विचारायच्या आधी विचारणार, "वाऱ्याचा रोख कुनीकडं हाय?" मग कर्णे तिकडं वळवणार. जनरेटरची हातगाडी ओढणाऱ्या गड्याला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा करणार. त्याला ऐकू आलं तर त्यानं टोपी हलवायची. टोपी हलली नाही तर नवरदेव घोड्यावर वाळून गेला तरी परण्या, म्हणजे त्याची मिरवणूक, पुढं सरकत नसे. एकदा एका नवरदेवाच्या मामानं वैतागून विचारलं, "मास्तर, लग्न हितं हाय. तिकडं लांब कुनाला ऐकवायचंय?"

"जे बोलावल्याबगर येत न्हाईत त्यांना," मास्तर म्हणाले.

मामा गार. आम्हीपण गार. काय बोलले कुणालाच कळलं नाही, पण बोलले भारी.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "गानं म्हंजे निरोप. ज्याला धाडलाय त्याला पोचला का, येवढंच बघायचं. ग्वाड हाय का कडू हाय, ते मागनं." आम्ही सूर चुकलो तर ते हसायचे. ठेक्याला जरा मागं पडलो की मात्र वाजवणं थांबवून सगळ्या वऱ्हाडासमोर उभं आडवं घ्यायचे.

आणि ती बॅटरी! सुट्टीच्या दिवशी मास्तर ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करून घेऊन एसटीनं गावी जायचे. गाव माकणीच्या वाटेवर, नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्या ओळखीची आहेत. बॅटरी मांडीवर. ॲसिडनं कोटाला पडलेली भोकं त्यांनी सोनेरी दोऱ्यानं रफू केली होती, आणि लांबून ती पदकं वाटायची. एका कंडक्टरनं बॅटरीला तिकीट मागितलं तर यांनी तिला अर्धं तिकीट काढलं, खिडकीशेजारी बसवली आणि स्वतः उभ्यानं गेले. "तिकीट हाय तिचं, बसू द्या तिला." बँडमध्ये आम्ही आपले चेष्टा करायचो. लोक बायकोला गजरा नेतात, आमचे मास्तर बॅटरी नेतात.

आता त्या गाण्याकडं येतो, कारण तुम्हीही त्याच्यावर नाचला असणार. नाही म्हणू नका.

त्याची चाल अगदी थोडक्यात अशी. गिटारवर तीन ठोक. मग एक श्वास घेता येईल एवढी गप्प जागा. परत तीन ठोक. आणि मग गिटार अशी सुसाट सुटायची की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप जागचे उठायचे. मास्तर कर्ण्याचा आवाज तपासताना एवढाच तुकडा वाजवायचे आणि लगेच थांबून रस्त्याकडं बघायचे. सोलापूरचा एक कॅसेटवाला असाच एका लग्नात आला होता. त्यानं गुपचूप तो तुकडा टेप केला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं त्याला शब्द चिकटवले, "बस माझ्या फटफटीवर, धुरळा उडू दे गं", मागं सतरा वाद्यं घातली, आणि कॅसेट बाजारात सोडली.

त्यानंतर जिल्ह्यात जे झालं त्याला साथच म्हणावं लागेल. गणपतीत तेच, जयंतीच्या मिरवणुकीत तेच. सहकारी साखर कारखान्याच्या मोळी टाकायच्या कार्यक्रमाला पुढाऱ्यांचं भाषण संपायच्या आत तेच. पतसंस्थेच्या सभेत विरोधक उभे राहिले की तेच. कळंबकडं एक म्हैस ते लावल्याशिवाय पान्हा सोडत नव्हती. आणि दुष्काळात ती एकटीच दूध देत असल्यामुळं मालकानं तिच्यासाठी वेगळा टेप घेतला. म्हातारे कोतारे काठी आपटून ठेका धरायचे. आम्ही ज्या मांडवात जायचो तिथं लोक ओरडायचे, "फटफटी! फटफटी!"

आणि मास्तर वाजवायला तयार नाहीत!

मी पहिल्यांदा कॅसेट आणून दुकानात लावली तो दिवस मला आठवतो. मला वाटलं, मास्तर मला पेढा भरवतील. त्यांनी चष्मा काढला. एवढ्या वर्षांत त्यांचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

"कुठवर गेलं आसंल हे?"

"कुठवर काय मास्तर, पार औरंगाबादपर्यंत गेलं!"

"तसं न्हाय. माकणीकडं गेलं का?"

"गेलं की! जिथं सेल मिळतो तिथं हे गाणं."

मास्तरांनी टेप बंद केला आणि चष्मा परत लावला.

त्यानंतर ते पिसाळल्यासारखे वागायला लागले. जिथं गाणं ऐकू येईल तिथं जाऊन "बंद करा" म्हणायचे. जळकोटला एका लग्नाहून परत येताना आमची गाडी हायवेवरच्या हॉटेलाशी थांबली. आत टेपवर फटफटी चालली होती. मास्तर उतरले, गल्ल्यापर्यंत गेले, टेपचं झाकण उघडून कॅसेट काढली आणि तिच्यातली रीळ अशी ओढून काढली की हॉटेलभर काळ्या शेवया झाल्या. मी तर भिंतीला चिकटलो.

हॉटेलवाला झारा घेऊन धावला. "ओ मास्तर! खूळ लागलं का? आवं तुमचंच गानं हाय ते!"

"म्हनूनच बंद केलं. दुसऱ्याचं असतं तर माझा काय हक्क व्हता?"

हॉटेलवाला झारा तसाच वर धरून उभा राहिला. मी मास्तरांना दंडाला धरून बाहेर बाकावर आणून बसवलं आणि म्हणालो, "मास्तर, आता खरं सांगा. न्हायतर मी उद्यापासून येत न्हाय."

तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांच्या गावाला टँकर यायचा. आसपासच्या गावांचं दूध आटल्यामुळं तिथल्या दूध संघाचा टँकरच पाण्याला लावलेला. त्या पाण्याच्या चहात दूध घालावं लागायचं नाही, असं म्हणायचे. टँकर यायचा तो वरच्या गावातल्या आडात पाणी सोडायला. मास्तरांचा बौद्धवाडा ओढ्याच्या पलीकडं. त्यांच्या वडलांनी छप्पन सालानंतर धम्म घेतला, घरातल्या तसबिरी बदलल्या, पण ओढा होता तिथंच राहिला. टँकर कधी यायचा त्याचा नेम नाही. आला की वरच्या गावाला दिसायचा, हॉर्न ऐकू यायचा. ओढ्यापलीकडं मधे पिठाची गिरणी, तिच्या आवाजात काही कळायचं नाही. आणि कुणी जाऊन सांगायचं नाही. या बायका पोचेपर्यंत आडात गाळ.

"कुनी अडवत न्हवतं बरं का," मास्तर म्हणाले. "अडवलं असतं तर भांडलो असतो. नुस्तं सांगत न्हवते. न सांगन्याशी कसं भांडायचं?"

म्हणून त्यांनी चाल बांधली. गिरणीच्या आवाजातून आरपार जाईल अशी. तीन ठोक, कारण गिरणीचा पट्टा दोनाच्या ठेक्यात फिरायचा. मधे गप्प जागा, कारण बायकांना हातातलं काम खाली ठेवायला वेळ पाहिजे. मग पळायचा भाग. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, एक कर्णा बसवला, बायकोला बेंजोवर एवढा तुकडा शिकवला. ती धाब्यावरून रस्त्यावर नजर ठेवायची. टँकरचा धुरळा दिसला की बॅटरीला तार जोडून वाजवायची. टँकरचा ड्रायव्हर भला माणूस. आडाशी गाडी लावली तरी चाल ऐकू येईपर्यंत बिडी ओढत बसायचा. चाल वाजली की कॉक सोडायचा.

म्हणजे मी ज्याच्यावर जिल्हाभर ढोल बडवत होतो, ज्याच्यावर म्हैस पान्हा सोडत होती, ते पाण्याचं बोलावणं होतं!

"आता काय हुतंय बघा," मास्तर म्हणाले. "रस्त्यानं जीप जाती, तिच्यात फटफटी लागलेली. आमच्या बाया हंडं घेऊन आडापतुर पळत्यात. काय न्हाय. परत पळत्यात, परत काय न्हाय. गेल्या खेपंला टँकर खरंच आला. माझ्या बायकोनं वाजवलं. निम्म्या बाया उठल्याच न्हाईत. म्हनल्या, आसंल कुनाची जीप. जाझवाले, एक दिवस समद्याच बसून ऱ्हातील. मग परत गाळ."

"आणि तुमच्या घरात आई आहे ना? ती तरी उठते का?"

"ती अजून परत्येक खेपंला पळती. म्हन्ती, माझ्या पोराची चाल हाय, खोटी कशी आसंल."

हॉटेलवाला दारात झारा घेऊन हे सगळं ऐकत होता. त्यानं तो खाली ठेवला. आमच्यासाठी चहा आला. सांगायला हरकत नाही, दूध घातलेला होता.

आता मला सांगा, असा माणूस आपल्या गावचं लग्न वाजवायला कशाला जाईल? पण दूध संघाचे चेअरमन स्वतः दुकानात आले. मुलीचं लग्न.

"मास्तर, गावचं लगीन, गावचा बँड. न्हाय म्हनायचं न्हाय."

"वाजवतो चेअरमनसाहेब. पन फटफटी न्हाय."

"मग काय वाजवनार? आवं सगळा जिल्हा नाचतोय तुमच्या गान्यावर, अन् तुमच्याच गावच्या दारात न्हाय?"

"तुमच्या दारात ते वाजलं तर बाया येतील."

"येऊ द्या की! नाचतील."

"नाचाय न्हाय येनार."

चेअरमन हसले, आमच्या पाठीवर थाप मारून गेले. त्यांना वाटलं, कलावंत माणूस, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

लग्नाच्या दिवशी मांडव असा घातलेला की त्याखाली दोन गावं मावली असती. लातूरहून नवरदेवाचं वऱ्हाड आलेलं, त्यांच्यात वकील, डॉक्टर, टाय लावलेले लोक. मांडवाच्या मागं संघाचा टँकर गच्च भरून उभा, खास लग्नासाठी आणलेला, आणि त्याच्या सावलीत तो बिडीवाला ड्रायव्हर आडवा झालेला. आम्ही परण्या वाजवला, अक्षदा वाजवल्या. मास्तरांनी गिटारीला हातसुद्धा लावला नाही. सनईवर काम भागवलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात नवरदेवाच्या मित्रांनी मांडवाच्या टेपमध्ये कॅसेट घातली.

तीन ठोक. मधली गप्प जागा. तीन ठोक.

मास्तर मांडवातून टेपकडं धावले, पण मधे नाचायला उठलेल्या पोरांची भिंत. मी ओढ्याच्या दिशेला बघितलं. आधी धूळ दिसली. मग धुळीत पितळ चमकलं. आणि मग त्या आल्या. हंडे, घागरी, कळश्या, तेलाचे डबे, पाटीतली भांडी तशीच काखेत मारून आलेल्या. सगळ्यांच्या पुढं मास्तरांची आई. तिचं वय तेव्हा किती असेल देव जाणे, पण ज्या वेगानं ती आली तो बघून नवरदेवाचा घोडा बाजूला सरला. नाचणारी पोरं एका पायावर थांबली. वऱ्हाडातल्या एका वकिलानं आपली बॅग छातीशी धरली. भटजींच्या हातातला नारळ हातातच राहिला.

म्हातारी मांडवाच्या मधोमध उभी राहून धापा टाकत म्हणाली, "कुठं लावलाय टँकर?"

"बंद करा रे ते!" चेअरमन ओरडले. टेप बंद झाला. "ए म्हातारे! कुनी बोलावलं तुमाला?"

"तुमीच की. तुमच्याच कर्ण्यानं."

लातूरचे व्याही पुढं झाले. "काय प्रकार आहे हो हा?"

"काही नाही पाहुणे, जरा गैरसमज झाला." मग आवाज खाली आणून चेअरमन बायकांना म्हणाले, "हा टँकर लग्नाचा हाय. गावचा परवा येनार. जावा घरी."

मागच्या बाजूची एक सून म्हातारीला म्हणाली, "सांगत व्हते की आत्या. कुनाची तरी मजा चालल्याली आसती. म्या आता परत उठायची न्हाय, वाजू द्या कितीबी." तिनं रिकामी घागर काखेतून काढून हातात लोंबती धरली आणि वळली. तिच्यामागं दुसरी वळली. म्हातारी मास्तरांकडं बघत होती. आयुष्यात मी पुष्कळ नजरा बघितल्यात, बँडवाल्याला लोक कसेही बघतात. पण आईनं मुलाकडं तसं बघितलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. तिला पहिल्यांदा शंका आली होती.

मास्तरांनी गिटार उचलली. तार बॅटरीला जोडली.

"मास्तर," चेअरमन दबक्या आवाजात म्हणाले, "हात लावायचा न्हाय."

"चेअरमनसाहेब, खोटं तुमच्या टेपनं वाजवलंय. म्या आता खरं वाजवतो."

आणि त्यांनी तीन ठोक दिले. लोकहो, मी सिकंदराबाद बघितलेलं नाही, पण त्या ठोक्यानं ते जागचं हललं असणार. मांडवाच्या मेढी थरथरल्या. मधली गप्प जागा आली, आणि त्या जागेत माझी काठी ढोलावर आपोआप पडली. मी पाडली नाही, शपथ. परत तीन ठोक. पळायचा भाग सुरू झाला. वळलेल्या बायका थांबल्या, पण जागच्या हलेनात. हललं एकच माणूस. टेपच्या आवाजानं न जागलेला, टँकरच्या सावलीत झोपलेला ड्रायव्हर उठला, डोळे चोळले, बिडी कानावर ठेवली, मागं गेला आणि कॉक सोडला.

पाणी असं आलं की मांडवाच्या कडेचा गालिचा तरंगायला लागला.

"आरं ए! काय करतो?" चेअरमन.

"ही चाल वाजली की कॉक सोडायचा साहेब. अशीच रीत हाय."

"कुनाची रीत?"

"आता ते मला काय ठावं? म्या डायव्हर मानूस." आणि बिडी पेटवली.

म्हातारीनं पहिला हंडा लावला. मग ती सून आली, मग सगळ्या. मास्तर वाजवत राहिले. कॅसेटवर ते गाणं चहा गार व्हायच्या आत संपतं. त्या दिवशी ते शेवटची कळशी भरेपर्यंत चाललं. आणि सगळ्यात मोठा धक्का पुढंच आहे. लातूरच्या व्याह्यांनी ते सगळं डोळे भरून बघितलं आणि चेअरमनचा हात हातात घेऊन म्हणाले, "वा! दुष्काळात लग्नाचं पाणी आधी गावाला वाटायची रीत आहे होय तुमच्याकडं? आम्ही असं कुठंच बघितलं नाही!"

चेअरमननं व्याह्यांकडं बघितलं, टँकरकडं बघितलं आणि ते म्हणाले, "व्हय... जुनी रीत हाय."

टाळ्या पडल्या. वकिलानंसुद्धा बॅग खाली ठेवून वाजवल्या. पुढं त्या घरात जेवढी लग्नं झाली तेवढ्यांत चेअरमनला ही जुनी रीत पाळावी लागली.

परत येताना टेम्पोत आम्ही नाचत होतो. मास्तर बॅटरी मांडीवर घेऊन बसलेले.

"आज खरी झाली," ते म्हणाले. "उद्या परत कुनीतरी कॅसेट लावनार."

"मग नवी चाल करा की मास्तर! तुम्हाला काय अवघड?"

"नवी बी पळवतील. चांगली झाली तर पळवतील. वाईट झाली तर ओढ्यापलीकडं जायाची न्हाय." चष्म्याआडून त्यांनी रस्त्याकडं बघितलं. "वाजवलेलं समदं पळवता येतं बघा."

पुढं मी एका कामासाठी त्यांच्या गावी गेलो तेव्हा उन्हाळाच होता. मास्तर सुट्टीवर होते, एका लग्नाची सुपारी द्यायची होती. ओढा उतरलो आणि जागच्या जागी थिजलो. मास्तरांच्या स्वतःच्या धाब्यावरून, स्वतःच्या कर्ण्यातून, फटफटी चालू! पूर्ण कॅसेट, पुण्याच्या कंपनीचे शब्द, सतरा वाद्यं, सगळं. गाणं संपलं की परत पहिल्यापासून. मास्तरांच्या बायकोनं टेप समोर ठेवलेला आणि तिची नजर रस्त्यावर. खाली समाज मंदिराच्या सावलीत बायका बसलेल्या, कुणी धान्य निवडतेय, कुणी वेणी घालतेय. भरलेल्या डोळ्यांनी नव्हे, अगदी मजेत. ज्या गाण्याला त्या ऊर फुटेस्तोवर धावायच्या, ते डोक्यावर वाजतंय आणि एकीनं मान वर केली असेल तर शपथ.

मी मास्तरांना म्हटलं, "अहो, तुम्ही हॉटेलात याच्या शेवया केल्या होत्या! आता दिवसभर हेच लावताय?"

"बसा. चहा घ्या," मास्तर म्हणाले. कोटाचं गळ्याचं बटण उघडं होतं.

मी म्हातारीशेजारी बसलो. तिनं माझ्याकडं गूळ सरकवला. मी खडा तोंडात टाकला, वर कर्णा ओरडत होता, "बस माझ्या फटफटीवर, धुरळा उडू..."

आणि गाणं मधेच तुटलं. एकदम सामसूम. पिठाच्या गिरणीची फक-फक तेवढी ऐकू यायला लागली.

"बॅटरी उतरली वाटतं," मी म्हणालो.

कुणी उत्तर दिलं नाही, कारण माझ्या आजूबाजूला कुणी उरलंच नव्हतं. धान्याची सुपं जमिनीवर, अर्धी वेणी तशीच सुटलेली, आणि सगळ्या बायका हंडे घेऊन ओढ्याच्या उतारावर. मी धाब्याकडं बघितलं. मास्तरांच्या बायकोचं बोट टेपच्या बटणावर होतं. पलीकडच्या रस्त्यावर टँकरचा धुरळा.

म्हातारी उठली, कळशी काखेत मारली, आणि जाता जाता माझ्याकडं वळून म्हणाली,

"आवं जाझवाले, बसलाव काय? ऐकू येईना व्हय?"